लक्ष्मी भिंतीवर, गोष्ट रद्दीत

"तुमच्याकडे जुनं किर्लोस्कर आहे का?"

घनसावंगीच्या शिवारात हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा समोरच्या शेतकऱ्याचा चेहरा उजळला. त्याने मला चहा पाजला, मोटारसायकलवर मागे बसवलं आणि मोसंबीच्या बागेतून थेट विहिरीवर नेलं. तिथे पत्र्याखाली एक गंजलेलं इंजिन गोणपाट पांघरून बसलं होतं.

"हे बघा. वडलांनी घेतलेलं. अजून दणकट आहे, फक्त सुरू होत नाय."

"तसं नाही हो, मला मासिक पाहिजे."

तो गंभीर झाला. "मासिक नाय जमायचं, सर. हप्त्याचे लोक लई बुडवतात. रोख द्या अन् घेऊन जा."

पुढे विचार केला तेव्हा वाटलं, त्याचं फार चुकलं नव्हतं. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक वाढवलं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडं आली. मी नातवंडांची चौकशी करत होतो. तो मला सरळ खापरपणजोबांच्या पायाशी घेऊन गेला, एवढंच.

तेव्हापासून मी प्रश्न जपून विचारतो. मराठी मासिकांना नावं ठेवणाऱ्यांनी संग्राहकाचा विचार केलेला दिसत नाही. एका वाड्याच्या दारात उभं राहून मी भाबडेपणाने म्हणालो, "तुमच्या घरात जुनी मोहिनी असेल ना?" आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मालक पायात चपला न घालताच बाहेर आले. 'स्त्री'बद्दल विचारण्याची हिंमत मला आजवर झालेली नाही. 'हंस' मागितला तर एकाने तळ्यावर पाठवलं. शेवटी एक सुरक्षित वाक्य तयार झालं: "जुने दिवाळी अंक असतील तर बघतो, कव्हरसकट."

सगळी गोम त्या 'कव्हरसकट'मध्ये आहे.

पुस्तकी भाषेत त्याला मुखपृष्ठ म्हणतात, पण घनसावंगीत मुखपृष्ठ म्हटलं की लोक आधी आपलं तोंड पुसतात. म्हणून कव्हर. मला हवं असतं ते कव्हर. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं. तिकडे मुंबईत लोक दिवाळीला फराळाबरोबर अंक वाचायला लागले. आमच्याकडे त्या वर्षी नुसताच फराळ झाला असावा, आणि तोही ज्याच्या घरी झाला त्याच्याच. पण पुढच्या पन्नाससाठ वर्षांत या अंकांच्या कव्हरांवर जे काही घडलं त्याने माझ्यासारख्या माणसाचं वाटोळं केलं.

त्यातले दोन मुख्य आरोपी गोव्याचे. दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६). दलालांनी १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' काढला. त्यांची बाई चार रेषांत उभी राहते आणि पाचवी रेष आपण मनात काढतो. मुळगावकरांची बाई तशी नाही. ती एअरब्रशमधून उतरलेली, गालावर दुधाची साय, डोळ्यांत निरांजन, आणि देवी असली तर इतकी तेजस्वी की अंक उशाखाली ठेवला तर झोप लागू नये. माझे वडील दलालपक्षाचे आणि काका मुळगावकरपक्षाचे. दिवाळीत घरी जमले की दोघांचं यावरून इतकं वाजायचं की शेतीच्या वाटणीचा विषय आपोआप पुढच्या दिवाळीवर जायचा. शेती शेवटपर्यंत एकत्र राहिली, याचं श्रेय मी या दोन चित्रकारांना देतो.

तर एवढी कव्हरं छापली गेली, मग गेली कुठे? शिक्षक म्हणून याचं उत्तर मला माहीत आहे, आणि त्या पापात माझाही हात आहे. जून महिन्यात शाळा उघडली की आम्हीच वर्गात सांगायचो, "उद्या सगळ्यांनी वह्यापुस्तकांना कव्हर घालून या." दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या पुस्तकावर मेनका, गणितावर शकुंतला, आणि नागरिकशास्त्रावर तिरक्या नजरेने बघणारी एक अशी तरुणी येई की आम्ही ते पुस्तक तपासायला घरी नेत असू. जाड, गुळगुळीत कागद. पावसाचं पाणी ओघळून जाई. एका पिढीने दलालांच्या चित्रांवर 'इयत्ता ७ वी, तुकडी ब' असं लिहिलं आणि वर्ष संपल्यावर ती चित्रं चुलीत घातली. तेव्हा मी छड्या मारल्या त्या कव्हर नसलेल्या मुलांना. खरं म्हणजे त्या मुलांच्याच घरी अंक शाबूत होते.

जी कव्हरं शाळेतून वाचली ती वाचनालयांनी गाठली. वाचनालयाचा शिक्का नेमका नायिकेच्या गालावरच का उमटतो, हे मला कळलेलं नाही. अख्खं आभाळ मोकळं असतं, पदराची सपाट जागा असते, पण जांभळा शिक्का गालावर. माझ्याकडच्या निम्म्या सुंदऱ्या 'सार्वजनिक वाचनालय' आहेत. उरलेल्यांपैकी काहींना बॉलपेनने मिशा आहेत, एकीच्या कपाळावर दुधाचा हिशोब आहे (शेवटची बाकी सव्वाअकरा रुपये), आणि एका राधेच्या हातातल्या बासरीला कुणीतरी पेटती विडी केलेलं आहे. पुण्यामुंबईचे संग्राहक फोनवर विचारतात, "कंडिशन कशी आहे?" मी सांगतो, "खाऊनपिऊन सुखी." कसर, वाळवी, उंदीर, सगळ्यांनी खाल्लेलं असतं.

'आवाज'ची तर आणखी वेगळी तऱ्हा. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या अंकाची खिडकीचित्रं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना काय सांगावं! वरच्या कागदाला खिडकी कापलेली. तिच्यातून जे दिसतं त्याने सभ्य माणूस दचकतो, आणि पान उलटलं की आत अगदी साधा, घरगुती प्रकार. पाप सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात. घराघरांत हा अंक वडीलधाऱ्यांच्या गादीखाली असे आणि पोरांना गादीची खडान्‌खडा माहिती असे. मला मिळालेल्या एका अंकात तर आजोबांनी सगळ्या खिडक्या भाताच्या शितांनी कायमच्या चिकटवून टाकल्या होत्या. मी वाफ देऊन, ओलं फडकं लावून त्या उघडायचा प्रयत्न केला. चार तासांनी एक उघडली, ती बिजागरीसकट हातात आली. बायको मागून बघत होती. "इतकी मेहनत घरच्या खिडकीवर केली असती," ती म्हणाली, "तर डास तरी आले नसते."

शि. द. फडणीसांचं एक कव्हर मात्र माझ्याकडे जवळजवळ पूर्ण आहे. १९५२ सालची 'मोहिनी'. एका तरुणाच्या बुशशर्टावर मांजरांची नक्षी, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. चित्राखाली एक अक्षर नाही. संपादक अनंत अंतरकर, चित्रकार पंचविशी ओलांडलेला, आणि महाराष्ट्राला त्या दिवाळीत कळलं की विनोदाला बोलावं लागत नाही. हे कव्हर मी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला असं जपून ठेवलं होतं. तरी एक उंदीर शिरला. त्याने अंकातलं बाकी काही खाल्लं नाही, फक्त कव्हराचा एक कोपरा कुरतडला. तोही शर्टाच्या बाजूचा. मांजरं होती त्या बाजूचा! मी याला वाङ्मयीन उंदीर म्हणतो. सूड घ्यायचा तर असा संदर्भ लावून घ्यावा.

माझा मुख्य पुरवठादार आमचा रद्दीवाला. त्याचं बाकी भंगार जालन्याला जातं. तिथे लोखंड वितळवून त्याच्या सळया होतात. कागद मात्र काही दिवस त्याच्याकडे मुक्कामाला असतो. इतकी वर्षं झाली, पण मी नक्की काय करतो हे त्याला उमगलेलं नाही. तो आधी अंकांची कव्हरं टराटरा फाडून टाकायचा. का, तर भजीवाले ती घेत नाहीत. गुळगुळीत कागद तेल पीत नाही. आतली पानं मऊ, खरखरीत, तेल छान ओढून घेतात. त्यामुळे भजीवाल्याच्या दृष्टीने साहित्य श्रेष्ठ आणि चित्रकला टाकाऊ. समीक्षकांचंही पुष्कळ वर्षं असंच मत होतं. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं तेव्हा किती हळहळ व्यक्त झाली. कव्हरं बंद पडली तेव्हा कुणी श्रद्धांजलीचा अंक काढला नाही.

याच भज्यांनी मला एकदा 'चांदोबा'ची ओळख नव्याने करून दिली. लहानपणी आम्ही 'चांदोबा' वाचला तो शाळेतल्या एकमेव प्रतीत, पाठीमागून चौघांनी मान घालून. परवा बसस्टँडजवळच्या हॉटेलात भजी घेतली तर कागदावर विक्रमादित्य! हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, शंकर यांनी काढलेलं ते चित्र. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकात शंकरांचा विक्रम कित्येक वर्षं तेच प्रेत वाहत होता आणि एकदाही खांदा बदलला नाही. माझ्या कागदावर वेताळाची गोष्ट संपत आली होती आणि शेवटी त्याचा नेहमीचा प्रश्न होता. उत्तर पुढच्या पानावर. पुढचं पान शेजारच्या टेबलावर एका कंडक्टरच्या मिरचीभज्यांखाली होतं. मी त्यांना विनंती केली. ते म्हणाले, "भजी संपली की देतो." त्यांनी सावकाश खाल्ली, कागदाचा बोळा केला, त्याला हात पुसले आणि मग माझ्या हातात दिला. मी बोळा उलगडला. तेलाने दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळली होती आणि राजाचं उत्तर वेताळाइतकंच लटकत होतं.

मुलगी म्हणते, "बाबा, कशाला हे सगळं? 'किशोर'चे जुने अंक मोबाईलवर आहेत." आहेत, खरंच आहेत. बालभारतीने १९७१ पासूनचा तो खजिना सगळ्यांना फुकट खुला केला आहे, आणि त्याबद्दल मी बालभारतीला मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. पण मोबाईलला कसर लागत नाही, वास येत नाही, आणि 'चि. बेबीस वाढदिवसानिमित्त, मामाकडून' असं आतल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं नसतं. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बेबी आता आजी झाली असेल. तिचा अंक तुम्ही का ठेवलाय?"

या छंदातला माझा सगळ्यात कठीण काळ २०२२ चा. त्या ऑगस्टमध्ये आमच्याच तालुक्यातल्या जांब समर्थच्या देवळातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. १६०८ साली रामदास जिथे जन्मले ते हे गाव. तालुका हळहळला, पोलिसांची पथकं फिरू लागली, गावोगाव पहारे बसले. आणि नेमका त्याच दिवसांत एक टक्कल पडलेला इसम, खांद्याला झोळी, खिशात भिंग, दारोदार जाऊन विचारत होता: "घरात जुनं काही आहे का?" तो मी. एका पारावर चौघांनी मला बसवून घेतलं आणि झोळी उलटी केली. आतून एक शिक्केवाली शकुंतला, अर्धा 'मनोहर' आणि डांबराच्या दोन गोळ्या निघाल्या. त्यांनी शकुंतलेकडे पाहिलं, माझ्या वयाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाऊ द्या. ह्यांचं वेगळंच आहे." मूर्ती ऑक्टोबरात सापडल्या. मला चोर म्हणणारे गप्प झाले. त्या चौघांनी जे ठरवलं होतं ते मात्र गावात कायम राहिलं.

आता लक्ष्मीचं सांगतो.

गोदाकाठच्या एका गावात जुन्या विद्यार्थ्याकडे जेवायला गेलो होतो. हात धुऊन वळलो तर भिंतीवरच्या देव्हाऱ्यात मुळगावकर! म्हणजे लक्ष्मी, पण ते गाल, ती साय, कमळाच्या पाकळीवर सांडलेला तो उजेड. चौकट करणाऱ्याने वरची अंकाच्या नावाची पट्टी बरोबर कापून टाकलेली, खाली कोपऱ्यात सही तेवढी उरलेली. काचेवर कुंकवाचा थर इतका की देवीला तिसरा डोळा आलेला. माझे हात आपसूक जोडले गेले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सर लई भाविक आहेत."

विद्यार्थ्याची आजी शेजारीच बसली होती. मी विचारलं, "आजी, ही तसबीर कधीची?"

"मपलं लगीन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवाळीची. ह्यांनी जालन्याहून पुस्तक आणलं व्हतं. सासऱ्यांनी पाह्यलं, सून वाचत बसलीय, चुलीवर दूध उतू चाललंय. त्यांनी पुस्तक घेतलं. वर लक्ष्मी व्हती म्हणून ती काढून भिंतीला लावली, अन् बाकीचं दुकानदाराला दिलं, पुड्या बांधायला."

मी माझं नेहमीचं भाषण केलं. नवी मोठी लक्ष्मी आणून देतो, चांदीच्या रंगाची चौकट, मागे दिवे लागणारी. आजीने ऐकून घेतलं.

"चार बाळंतपणं, दोन दुष्काळ अन् एक विहीर, समदं हिच्यासमोर झालं," ती म्हणाली. "दिव्यावाल्या बाईला काय माहीत त्यातलं?"

मी गप्प बसलो. बहात्तरच्या दुष्काळाशी घासाघीस करता येत नाही.

"पण सर, तुमच्याकडं पुस्तकं लई असतात म्हणं," आजी म्हणाली. "हिच्या आतलं भेटलं तर बघा. गोष्ट अर्धी ऱ्हायली मपली. ती बाई टेसनावर बसलेली असती नवऱ्याची वाट बघत. अन् गाडी येती."

"मग?"

"मंग काय? दूध उतू गेलं."

त्या रात्री मी पलंगाखालची पेटी ओढली. तिच्यात माझे 'विधवा' अंक असतात: कव्हर गेलेले, रद्दीवाल्याने वजनात घुसडलेले, मी टाकू न शकलेले. एक कबुली द्यायची तर इथेच देतो. इतक्या वर्षांत त्यातलं एकही पान मी वाचलं नव्हतं. कव्हर असलेलेसुद्धा वाचले नव्हते. अंक उघडला तर कण्यावर वळ पडतो. अकरा अंकांच्या अनुक्रमणिका बघत गेलो. नवव्यात छापलं होतं: 'मुखपृष्ठ : लक्ष्मी – रघुवीर मुळगावकर'. आणि पान ८८ वर एक कथा, पहिल्याच ओळीत स्टेशन. बायकोला हलवून उठवलं. तिने घड्याळ पाहिलं आणि परत झोपली.

दुसऱ्या दिवशी आजीसमोर बसलो. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, बारीक अक्षर दिसत नाही. मीच वाचायला घेतलं. शाळेत धडा वाचायची सवय, त्यामुळे आवाज चढत गेला. शेजारच्या बायका येऊन बसल्या. सून ओट्यावरून उठली; येताना गॅस बंद करून आली, हे मी पाहिलं. कथेत पाऊस होता, सिग्नल होता, हातातल्या पत्राची घडी उसवत आलेली होती. लांबून शिटी ऐकू आली. गाडी फलाटाला लागली. डब्याचं दार उघडलं आणि

पान ९६ संपलं. मी उलटलं.

"मंग? कोण उतरलं?" आजी म्हणाली.

"दंतमंजन," मी म्हणालो.

समोर पान १०१ होतं. अख्ख्या पानावर एक गृहस्थ बत्तीस दात दाखवून हसत होते. मधली दोन पानं कुठल्या तरी हळदीच्या पुडीबरोबर केव्हाच बाजार करून आली होती. बायका उठेनात. आजीने लक्ष्मीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासऱ्यांवर तिचा इतकी वर्षं जो राग होता तो आता माझ्या नावावर चढतो आहे, हे मला स्पष्ट दिसलं.

हल्ली मी रद्दीवाल्याकडे वेगळंच मागणं घेऊन जातो. "त्याच सालचा अंक पाहिजे. कव्हर नसलं तरी चालेल. पान सत्त्याण्णव ते शंभर पाहिजे." त्याने हातातला तराजू खाली ठेवला. "सर, इतकी वर्षं कव्हर कव्हर करून मपला जीव खाल्ला तुम्ही," तो म्हणाला, "अन् आता?" मग त्याने मला पाणी दिलं आणि घरी कुणाला फोन करू का, असं हळूच विचारलं. बसस्टँडजवळच्या हॉटेलातही मी आता भजी आल्याबरोबर आधी कागद उलगडून बघतो. पोऱ्याला वाटतं मी केस शोधतोय.

दर आठवड्याला विद्यार्थ्याचा फोन येतो. पीकपाणी, पाऊस, मुलांच्या परीक्षा असं इकडचंतिकडचं बोलून होतं. मग तो जरा थांबतो, मागून काहीतरी ऐकतो, आणि ओशाळत विचारतो:

"सर, आजी विचारती, उतरलं का कोणी?"